'उत्तर देणे' म्हणजे काय? : सी भाषेच्या पाठ्यपुस्तकांतील फंक्शन-विवेचनाचे एक परीक्षण

सी या संगणकभाषेवरील पाठ्यपुस्तकांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती त्यांच्या परीक्षणाची. कथासंग्रहास समीक्षक मिळतो, शास्त्रीय पाठ्यपुस्तकास केवळ विद्यार्थी मिळतात, आणि पुस्तक न उमगल्यास दोष आपलाच असे मानण्याची त्यांना सवय लागलेली असते. प्रस्तुत लेखात अशा पुस्तकांतील एकाच प्रकरणाचा, म्हणजे 'फंक्शन' या प्रकरणाचा, विचार करावयाचा आहे. प्रकरण एकच निवडण्याचे कारण उघड आहे. चल, अट, आवर्तन येथपर्यंत बहुतेक विद्यार्थी बरोबरीने चालतात. फंक्शनपाशी वाट दुभंगते, आणि जो येथे मागे पडतो तो पुढील पॉइंटर, रचना, संचिका ही प्रकरणे केवळ पाठांतराने पार पाडतो.

परीक्षणासाठी एक विशिष्ट वाचक डोळ्यांपुढे ठेवला आहे. हा वाचक जव्हार वा मोखाडा तालुक्यातील आहे. हे तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, त्या वर्षापासून पालघर जिल्ह्यात आहेत. त्याच्या घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलली जाते, शाळा प्रमाण मराठीतून झालेली असते, आणि पदवीच्या पहिल्या वर्षी संगणकाचा विषय घेतला की पुस्तक एकदम इंग्रजीतून हाती येते. दोन पायऱ्या ओलांडून तो तिसरीवर उभा असतो. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास जी चूक एका दुपारच्या गोंधळाइतकी महाग पडते, ती त्यास अख्ख्या वर्षाइतकी महाग पडू शकते. कारण चूक दाखवून देणारा दुसरा कोणी घरी वा शेजारी असण्याचा संभव कमी. म्हणून पुस्तकाची कसोटी त्याच्या हाती लावावी, असे आम्हांस वाटते.

परिभाषेविषयी एक खुलासा. गणितात 'फलन' हा मराठी शब्द रूढ आहे. तो येथे हेतुपुरस्सर टाळला आहे. गणितातील फलन दिलेल्या मूल्यास ठरलेले मूल्य जोडते, त्यापलीकडे काही करीत नाही. सी भाषेतील फंक्शन मूल्य परत करील, न करील, पडद्यावर काही छापील, संचिकेत लिहील, बाहेरील चल बदलील. दोहोंस एक नाव देणे म्हणजे विद्यार्थ्याच्या मार्गात आणखी एक दगड ठेवणे होय. वर्गात चालणारा 'फंक्शन' हाच शब्द बरा.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नवशिक्यास पुढील साधा प्रश्न द्यावा : पायलीचे शेर करणारे फंक्शन लिही. एका पायलीचे शेर चार, हे कोष्टक आजही वृद्धांच्या तोंडी आहे. विद्यार्थी दोन प्रकारे उत्तर लिहू शकतो. पहिल्या प्रकारात फंक्शन पायल्यांची संख्या घेते, तिला चाराने गुणते आणि प्रिंटएफ वापरून गुणाकार पडद्यावर छापते. दुसऱ्या प्रकारात ते संख्या घेते, गुणते आणि रिटर्न या शब्दाने गुणाकार ज्याने बोलावले त्याच्या स्वाधीन करते. छापण्याचे काम मग मेन या मुख्य फंक्शनमध्ये होते. पाच पायल्या दिल्या तर दोन्ही वेळा पडद्यावर २० हाच आकडा उमटतो. विद्यार्थ्याला दोन्ही सारखीच दिसतात, किंबहुना पहिले अधिक सोपे वाटते. शिक्षकही पुष्कळदा दोन्हींवर बरोबरची खूण करून पुढे जातात.

भेद उघड होतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी. घरात पाच पायल्या भात आणि तीन पायल्या नागली आहे. एकूण शेर किती? दुसऱ्या प्रकारचे फंक्शन दोनदा बोलावून आलेल्या मूल्यांची बेरीज केली की ३२ मिळतात. पहिल्या प्रकारात पडद्यावर २० दिसतात, १२ दिसतात, आणि बेरीज करावयास कार्यक्रमाच्या हाती काहीच उरत नाही. आकडे पाहिले ते माणसाच्या डोळ्यांनी. यंत्राच्या दृष्टीने ते छापले गेले आणि संपले. विद्यार्थी येथे थबकतो. 'फंक्शनने उत्तर दिले तर आहे, मग बेरीज का होत नाही?' हा त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. तो ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेतील 'उत्तर देणे' हे क्रियापद पडद्यावर दाखविणे आणि हाती सोपविणे या दोन्ही क्रियांना सारखेच लागते. शिक्षक फळ्याकडे बोट करून म्हणतात, 'हे फंक्शन शेर देते'. कोणास देते, पाहणाऱ्यास की बोलावणाऱ्यास, हे वाक्यात नसते.

वस्तुतः मराठीत हा भेद करण्याची शक्ती भरपूर आहे. हिशेब दाखविणे आणि पैसे हवाली करणे यांत गल्लत करणारा दुकानदार एक दिवसही टिकणार नाही. दाखविणे, सांगणे, सोपविणे, सुपूर्द करणे, हवाली करणे, परत करणे अशी क्रियापदांची मोठी श्रेणी आपल्यापाशी आहे. वर्गात मात्र तिच्यातील सर्वांत ढिले क्रियापद वापरले जाते. 'रिटर्न'चे 'परत देणे' हे भाषांतरही फसवे आहे. परत दिली जाते ती घेतलेलीच वस्तू. त्यामुळे पाच पायल्या पाठविल्या तर पाचच परत येणार अशी समजूत करून घेणारे विद्यार्थी निघतात. त्यात पुन्हा रिटर्न या एका शब्दात दोन घटना असतात : कार्यक्रमाचे नियंत्रण बोलावणाऱ्याकडे परत येते, आणि येताना ते एक मूल्य बरोबर आणते. परत येणे व घेऊन येणे अशी फोड केली की बराचसा धूसरपणा नाहीसा होतो.

येथे एक विलक्षण प्रकार नमूद करण्याजोगा आहे. विद्यार्थी फंक्शनपुढे 'इंट' लिहितो, म्हणजे पूर्णांक परत करण्याचे वचन देतो, पण आत केवळ छापतो आणि रिटर्न विसरतो. अशा फंक्शनचे मूल्य बेरजेत वापरले तर काय निघेल याविषयी सी भाषेचे मानक कसलीही हमी देत नाही. संकलक बहुधा इशारा देऊन थांबतो. नेहमीच्या यंत्रांवर मात्र पुष्कळदा असे घडते की, परतमूल्य ज्या ठिकाणी ठेवावयाचे त्या ठिकाणी शेवटी बोलावलेल्या प्रिंटएफचे स्वतःचे परतमूल्य पडलेले असते, आणि प्रिंटएफ परत करते ती छापलेल्या चिन्हांची संख्या. २० आणि त्यानंतरचे नव्या ओळीचे चिन्ह मिळून तीन चिन्हे, १२ आणि नवी ओळ मिळून तीन. पाच पायल्या भात व तीन पायल्या नागली यांचे मिळून सहा शेर होतात! विद्यार्थी गुणाकारात चूक शोधीत बसतो, आणि गुणाकार तर निर्दोष असतो.

हा घोटाळा केवळ मराठीमुळे उद्भवला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ सी भाषेच्या वंशावळीतही आहे. १९५८ च्या फोर्ट्रान-दोन या भाषेत काम करणारा 'सबरूटीन' आणि मूल्य देणारे 'फंक्शन' असे दोन वेगळे प्रकार होते, आणि पहिल्यास बोलावण्यासाठी 'कॉल' हा शब्द लिहावा लागे. व्हिर्ट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पास्कल भाषेत 'प्रोसीजर' व 'फंक्शन' असा हाच भेद पाळलेला आहे. सी भाषेने मात्र दोहोंस एकाच नावाखाली आणले. १९७८ साली कर्निहन व रिची यांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तीत 'व्हॉइड' हा शब्द नव्हता. काहीही परत न करणारे फंक्शनदेखील नावापुरते पूर्णांकाचेच समजले जाई. 'व्हॉइड' पुढे आला आणि १९८९ च्या अमेरिकन मानकात पक्का झाला. म्हणजे ज्या भेदासाठी पूर्वीच्या भाषांनी दोन शब्द खर्ची घातले, तो सी भाषेत फंक्शनच्या नावाआधीच्या एका लहानशा शब्दात दडून बसला. असा भेद उकलून दाखविणे हे पाठ्यपुस्तकाचे काम ठरते.

आता पुस्तके. कर्निहन व रिची यांचा 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हा ग्रंथ (दुसरी आवृत्ती १९८८) नवशिक्यांसाठी नाही, हे लेखकांनीच प्रस्तावनेत सूचित केले आहे. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे पहिले प्रकरण फार शिकविणारे आहे. त्यात फंक्शनचे पहिले उदाहरण घातांकाचे आहे : पाया आणि घात घ्यावयाचा, किंमत परत करावयाची. हे फंक्शन स्वतः एक अक्षरही छापीत नाही. दोनाचे व उणे तीनाचे घात छापण्याचे काम मेनकडे आहे. ज्याने हिशेब केला त्याने तो जाहीर करावयाचा नाही, ही शिस्त पहिल्याच उदाहरणात, तिचा उच्चारही न करता, पाळली गेली आहे. लगेच पुढच्या विभागात त्याच फंक्शनचे दुसरे रूप येते. त्यात मिळालेला घातच एकेकाने कमी करीत नेला आहे आणि बोलावणाऱ्याकडील मूळ चलास त्यामुळे धक्का लागत नाही हे दाखविले आहे. दोन पानांत दोन मूलभूत गोष्टी झाल्या. दोष असलाच तर हा की, ही शिस्त ज्यास आधीच ठाऊक आहे त्याच्याच ती ध्यानात येते.

यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे अगदी निराळ्या प्रकृतीचे पुस्तक. लेखक नागपूरचे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये व नंतर कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. आपल्या महाविद्यालयांत या पुस्तकाचा जेवढा प्रसार झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या संगणकग्रंथाचा झाला असेल, आणि तो यथायोग्य आहे. त्यातील इंग्रजी साधे, बोलके आहे. वाचकाच्या मनातील शंका लेखक स्वतःच विचारतो आणि स्वतःच सोडवितो. आमच्या जव्हारच्या वाचकास कर्निहन-रिचींच्या तुलनेत हे पुस्तक शतपट जवळचे वाटेल. परंतु फंक्शनचे प्रकरण कसे उघडते ते पाहावे. पहिल्या उदाहरणातील फंक्शन काही घेत नाही, काही परत करीत नाही. पडद्यावर एक संदेश छापते. दुसऱ्या उदाहरणात देशांची नावे धारण केलेली फंक्शने एकामागून एक येऊन आपापली ओळ छापून जातात. तीन संख्यांची बेरीज परत करणारे फंक्शन येते ते त्यानंतर.

या क्रमाचे समर्थन करता येईल. नियंत्रण मेनमधून बाहेर कसे जाते आणि परत कोठे येते एवढेच लेखकास प्रथम दाखवावयाचे आहे; मूल्यांची देवघेव मध्ये आणली तर दोन नव्या गोष्टी एकदम येतील. हा युक्तिवाद बलवान आहे हे मान्य केले पाहिजे. पण पहिल्या उदाहरणाचा ठसा पुसता पुसत नाही. फंक्शन म्हणजे जाऊन काहीतरी दाखवून येणारा, अशी प्रतिमा मनात बसते, आणि पुढे परतमूल्य आले की विद्यार्थी त्यास एक जास्तीची सोय समजतो. नियंत्रणाचा प्रवास घातांकाच्या वा पायली-शेराच्या उदाहरणानेही दाखविता आला असता, असे आमचे मत आहे.

बाळगुरुसामी यांच्या 'प्रोग्रॅमिंग इन ॲन्सी सी' या पुस्तकाविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल. पुस्तक सुव्यवस्थित, सारण्यांनी भरलेले, परीक्षेस उपकारक आहे. फंक्शनांचे त्यात केलेले वर्गीकरण (मूल्य न घेणारी व न देणारी, घेणारी पण न देणारी, घेणारी व देणारी, न घेता देणारी, आणि वर अनेक मूल्ये देणारी) आपल्याकडील टिपणवह्यांत इतके रुजले आहे की, फंक्शनचे प्रकार लिहा हा प्रश्न कोणाही शिक्षकास अनोळखी नसावा. वर्गीकरण असत्य नाही. ते निष्फळ आहे. घेणे आणि देणे यांच्या होय-नाही अशा जोड्या लावल्या की चार खाने आपोआप पडतात. कोणत्या खान्यातील फंक्शन केव्हा लिहावे, हे त्यावरून कळत नाही. शिवाय चारही खाने एका योग्यतेचे आहेत असा भास होतो. मूल्य न घेणारे व न देणारे पायली-शेराचे फंक्शन आत स्कॅनएफने वाचील, आत गुणील, आत छापील. मग ते मेनपासून वेगळे काढण्यात हशील काय? त्यास नाव मिळाले, पण ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नाही. विद्यार्थी मात्र पहिला खाना सर्वांत सोपा म्हणून तोच लिहितो आणि गुण मिळवितो.

पुस्तकांतील दृष्टान्तांचाही विचार केला पाहिजे, कारण नवशिक्याच्या मनात व्याख्येपेक्षा दृष्टान्त अधिक काळ राहतो. कानेटकरांनी फंक्शनची तुलना मोटारसायकलची नियमित दुरुस्ती करणाऱ्या कारागिराशी केली आहे : काम ठरलेले, त्यास फारसे सांगावे लागत नाही. कामाची वाटणी या दृष्टान्ताने छान उमजते. पण कारागिराकडे आपण मूळ गाडीच नेतो आणि तीच बदललेली परत आणतो. सी भाषेतील फंक्शनकडे जाते ती मूल्याची प्रत. दृष्टान्त नेमका तेथे उलटतो.

स्थानिक दृष्टान्त घ्यावेत, असे अलीकडे आग्रहाने सांगितले जाते. ठीक आहे, पण स्थानिक असणे ही पुरेशी पात्रता नव्हे. मोखाड्याच्या बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे चढविलेली सोंगे वाद्यांच्या तालावर येतात, नाचतात आणि निघून जातात. फंक्शनसाठी हा दृष्टान्त कोणासही सुचेल, आणि नियंत्रणाच्या येण्याजाण्यापुरता तो सुंदरही आहे. पण सोंग पाहणाऱ्यांसाठी असते, ते कोणाच्या हाती काही सोपवीत नाही. ज्या गैरसमजाशी आपले भांडण आहे त्यालाच तो खतपाणी घालील. पिठाच्या गिरणीत नागली देऊन पीठ घेणे हा दृष्टान्त देवघेवीस जुळतो, परतलेली वस्तू पाठविलेल्या वस्तूहून वेगळी असते हेही त्यात आहे. तथापि नागली दळली जाते, उरत नाही. प्रतीचा मुद्दा तेथेही निसटतो.

आमच्या मते या भागातील विद्यार्थ्यास सर्वांत परिचित आणि सर्वांत अचूक असा दृष्टान्त कागदपत्रांचा आहे. ज्या घराने वनहक्काचा दावा दाखल केला आहे, किंवा ज्या मुलाने शिष्यवृत्तीसाठी जातीच्या दाखल्याची प्रत जोडली आहे, त्यास मूळ कागद व नक्कल यांतील भेद शिकवावा लागत नाही. कचेरीत नक्कल द्यावयाची, मूळ घरच्या पेटीत. नकलेवर कारकुनाने काहीही खरडले तरी मूळ कागद कोरा राहतो. निर्णय येतो तो वेगळ्याच कागदावर. सी भाषेतील फंक्शनचा व्यवहार थेट असाच आहे.

आणि याच दृष्टान्ताने दुसरी एक जुनी गाठ सुटते. आपल्याकडील बहुतेक पुस्तकांत 'कॉल बाय व्हॅल्यू' व 'कॉल बाय रेफरन्स' असे दोन मथळे असतात आणि दोन चलांच्या अदलाबदलीचे उदाहरण दोहोंखाली दिलेले असते. हे सी भाषेस लागू करणे चूक आहे. सी भाषेत मूल्याची प्रत पाठविणे हा एकच प्रकार आहे. पॉइंटर पाठविला तर पत्त्याची प्रत जाते, एवढेच. जमिनीचा गट क्रमांक एखाद्या चिठ्ठीवर उतरवून दिला, तर चिठ्ठी ही प्रतच असते. ती फाडली, तिच्यावर दुसरा क्रमांक लिहिला, तरी आपल्या वहीतील क्रमांक तसाच राहतो. परंतु त्या क्रमांकाच्या आधारे कोणी शेतावर गेला आणि त्याने बांध हलविला, तर बांध खरोखरच हलतो, कारण जमीन एकच आहे. कर्निहन व रिची यांनी पाचव्या प्रकरणात अदलाबदलीचे उदाहरण याच विचाराने मांडले आहे आणि दुसऱ्या प्रकाराचे नाव सी भाषेस चिकटविलेले नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांनी ते चिकटविले, आणि मग सी प्लस प्लस भाषेतील खरा रेफरन्स भेटला की विद्यार्थ्यास शिकलेले पुसावे लागते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. परीक्षा इंग्रजीत, संकलकाचे इशारे इंग्रजीत, पुढील नोकरी इंग्रजीत. मराठी क्रियापदांची ही चिरफाड कशासाठी? उत्तर असे की, विद्यार्थी उत्तरपत्रिकेत इंग्रजी लिहितो, पण अडतो तेव्हा मराठीत अडतो. इंग्रजीतील 'आउटपुट' हा शब्दही काही कमी ढिला नाही. तोही छापलेल्या आणि परत केलेल्या दोहोंस लावला जातो. अर्थात केवळ शब्द मराठी केल्याने काही साधेल असा आमचा दावा नाही. आजचे संकलक, उदाहरणार्थ जीसीसीच्या २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपासूनचे, फंक्शनचे नाव थेट देवनागरीत लिहिले तरी स्वीकारतात. 'शेर' या नावाचे फंक्शन आज खरोखरच लिहिता येते. गंमत म्हणून ते जरूर करावे. पण 'शेर' नावाच्या फंक्शनने आतल्या आत छापून ठेवले तर घोटाळा होता तेथेच राहील.

एखादे मराठी पाठ्यपुस्तक लिहावयाचे झाल्यास आम्ही पहिल्या दहा उदाहरणांना एकच निर्बंध घालू : मेनखेरीज कोठेही प्रिंटएफ वा स्कॅनएफ येणार नाही. छापणारे फंक्शन अकराव्या उदाहरणात यावे, आणि येताना 'हे दाखविते, सोपवीत नाही' एवढे वाक्य त्याखाली असावे. आद्यनमुना, म्हणजे फंक्शन काय घेईल व काय सोपवील याची वरच लिहिलेली ओळ, ही व्याख्येच्या आधी लिहवून घ्यावी. १९७८ च्या सी भाषेत हा आद्यनमुना घेतल्या जाणाऱ्या मूल्यांविषयी मौन बाळगी. १९८९ च्या मानकाने त्यास वाचा दिली, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, सी-२३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकाने जुन्या धर्तीच्या व्याख्या भाषेतूनच काढून टाकल्या. भाषा स्वतः ज्या दिशेने सरकली त्याच दिशेने अध्यापनानेही सरकावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

पुनरावर्ती फंक्शन, स्थिर चल इत्यादी विषयांत पुस्तकांची उणीव फारशी नाही. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. स्कॅनएफविषयी मात्र लिहिले पाहिजे. विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच ते वापरू लागतो, चलाच्या नावामागे अँपरसँडचे चिन्ह घालतो, आणि ते चिन्ह का हे महिनोन्महिने विचारीत नाही, कारण न घातल्यास कार्यक्रम कोलमडतो एवढे त्यास सांगितलेले असते. वास्तविक येथे तो गट क्रमांकाची चिठ्ठीच देत असतो. बाहेरच्या फंक्शनला त्याच्या शेतात येऊन काही पेरावयाचे आहे. शिवाय स्कॅनएफ परतही काही सोपविते : किती मूल्ये यशस्वीपणे वाचली त्यांची संख्या. हे परतमूल्य नवशिक्यांच्या पुस्तकांत बहुधा न पाहताच टाकून दिलेले आढळते. पायल्यांच्या जागी विद्यार्थ्याने चुकून 'पाच' हा शब्द अक्षरांत टंकला, तर स्कॅनएफ शून्य परत करते, चल आहे तसा राहतो, आणि त्यात आधी पडलेल्या कोणत्या तरी संख्येचे शेर निघतात.